मार्शल नको, मार्शलचा आवाज हवा

मार्शल हे नाव आज मराठी घरांत पोचले आहे ते ब्लूटूथ स्पीकर आणि हेडफोनमुळे. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये काळ्या रेक्झिनचे, सोनेरी घुंड्यांचे, पुढच्या जाळीवर वळणदार अक्षरांत नाव लिहिलेले ते खोके हमखास दिसतात. २०२३ मध्ये तर हे स्पीकर बनवणाऱ्या स्टॉकहोमच्या झाउंड इंडस्ट्रीजने मूळ ब्रिटिश कंपनीच विकत घेतली. पण इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला विचारा. त्याच्या लेखी मार्शल म्हणजे व्हॉल्व्हचा जडशीळ अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्याखाली बारा इंची चार स्पीकरांची कंबरेइतकी उंच पेटी. हे सांगता सांगताच तो गाऱ्हाणेही मांडेल: परवडत नाही, जिन्यातून वर नेता येत नाही, नेलाच तर सोसायटीत वाजवता येत नाही. मग पर्याय काय?

दुकानदार या प्रश्नावर मॉडेलांची यादी पुढे करतो. यादी नंतर बघू. मार्शलमधले नेमके काय आपल्याला हवे आहे, हे आधी ठरवायला हवे. तो आवाज म्हणजे चार-पाच गोष्टींचा जमून आलेला योग आहे, आणि त्यांतल्या काही गोष्टी मार्शल कंपनीने कधी बनवल्याच नाहीत.

मुळात मार्शल हाच एक पर्याय होता. जिम मार्शल पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात ड्रम शिकवायचे. १९६० मध्ये त्यांनी तिथेच वाद्यांचे दुकान काढले. ड्रमर आले की त्यांच्याबरोबर गिटारवाले मित्रही येत. पीट टाउनशेंड आणि रिची ब्लॅकमोर ही तेव्हाची कोवळी पोरे त्यांतलीच. त्यांना हवे होते अमेरिकी फेंडरचे अ‍ॅम्प. अमेरिकी वाद्यांवरची आयातबंदी ब्रिटनमध्ये नुकतीच उठली होती, पण किमती आवाक्याबाहेरच्या होत्या. दुकानातले दुरुस्ती बघणारे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक हुशार उमेदवार यांनी फेंडरचा बेसमन हा अ‍ॅम्प उघडला आणि त्याचे सर्किट जवळपास जसेच्या तसे उतरवून काढले. १९६२ मध्ये तयार झालेल्या या अ‍ॅम्पचे नाव जेटीएम ४५. जिम आणि त्यांचा मुलगा टेरी यांच्या नावांवरून ते पडले.

सर्किट उतरवले, पण सुटे भाग इंग्लंडमध्ये जे मिळाले ते. फेंडरमध्ये सिग्नल सर्वांत आधी ज्या व्हॉल्व्हमध्ये जातो तो होता १२एवाय७. त्याच्या जागी इथे ईसीसी८३ बसला, ज्याची वर्धनक्षमता दुपटीहून जास्त. आउटपुट ट्रान्सफॉर्मर स्थानिक पुरवठादाराचा. फेंडरचे स्पीकर दहा इंची जेन्सन, मागून उघड्या पेटीतले. इथे सेलेस्टियनचे बारा इंची स्पीकर आले आणि पेटी मागून पूर्ण बंद झाली. एकेक बदल किरकोळ. पण एकत्र आल्यावर सूर लवकर फाटू लागला, मधला पट्टा पुढे आला, आणि खालचे सूर छातीवर आदळू लागले. बेसमन मुळात बास गिटारसाठी, स्वच्छ आवाजासाठी बनवलेला. त्याची ही नक्कल स्वच्छतेत कमी पडली, आणि नेमके तेच गिटारवाल्यांना आवडले.

नक्कल आणि टंचाई यांतून हा अ‍ॅम्प जन्माला आला, हे लक्षात ठेवले की 'अस्सल'पणाचा बाऊ जरा कमी होतो. बाजारातल्या नकलांकडे नाक मुरडणाऱ्यांनी तर हे जरूर लक्षात ठेवावे.

पुढचा टप्पा मोठ्या आवाजाचा. टाउनशेंडच्या 'द हू' या बँडला प्रेक्षकांच्या आरडाओरड्यावर मात करायची होती. त्याच्या हट्टापायी १९६५ च्या सुमारास शंभर वॅटचा अ‍ॅम्प आणि एकावर एक रचलेल्या दोन पेट्या हा प्रकार रूढ झाला. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरची भिंत उभी राहते, तशी भिंत रॉकच्या रंगमंचावर तेव्हापासून दिसू लागली. (पुढे त्या भिंतीतल्या कित्येक पेट्या नुसत्या शोभेच्या, आतून रिकाम्या असायच्या, हा भाग निराळा.) १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या बँडबरोबर रेकॉर्डिंग करताना मार्शलचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला) अ‍ॅम्प स्टुडिओतही रंगमंचावरच्याच जोरात वाजवायचा आग्रह धरला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची पंचाईत झाली. पण त्या तबकडीवरचा जाड, रेंगाळणारा सूर ऐकून पुढच्या पिढीने ठरवून टाकले की रॉक गिटार म्हणजे हेच.

जोरात वाजवायचा आग्रह का, याचे उत्तर अ‍ॅम्पच्या पोटात आहे. जुन्या मार्शलवर मास्टर व्हॉल्यूमची, म्हणजे सूर फाटलेला ठेवून एकूण आवाज कमी करणारी घुंडी नव्हती. पुढच्या पट्टीवर प्रेझेन्स, बास, मिडल, ट्रेबल आणि दोन चॅनेलचे दोन व्हॉल्यूम, एवढाच कारभार. इनपुटची चार भोके, आणि वाजवणारे वीतभर केबलने दोन्ही चॅनेल एकमेकांना जोडून टाकत. एकाचा धारदार आणि दुसऱ्याचा भरीव सूर हवा तसा मिसळता येई. व्हॉल्यूम वाढवत नेला की आधी लहान व्हॉल्व्ह भरून जातात, मग पॉवरचे मोठे व्हॉल्व्ह. ध्वनिलहरीचा माथा छाटला जातो आणि मूळ सुरात नसलेले वरचे उपस्वर तयार होतात. शेवटच्या टप्प्यात ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कागदी कोनही या झटापटीत उतरतात. म्हणजे या सुराचा मोठा हिस्सा अ‍ॅम्प पूर्ण ताणल्याशिवाय मिळतच नाही, आणि ताणला की कान बसतात.

किती बसतात, याचा हिशेब सोपा आहे. सेलेस्टियनचा प्रसिद्ध ग्रीनबॅक स्पीकर फक्त एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर सुमारे ९८ डेसिबल आवाज करतो. वीस वॅटला हा आकडा साधारण १११ वर जातो, शंभरला ११८ वर. वॅट दुप्पट केले की जेमतेम ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट मोठे वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणून शंभर वॅटचा अ‍ॅम्प पन्नास वॅटच्या दुप्पट जोरात वाजतो, ही समजूत खरी नाही. आता आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. भिंती-दारांनी बराच आवाज अडतो, हे धरूनही फ्लॅटमध्ये एक वॅटसुद्धा जास्तच होतो. पाच वॅटचा 'घरगुती' व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेणाऱ्यांचा हिरमोड इथेच होतो. पाच वॅट कागदावर कमी दिसतात. पलीकडच्या काकूंना ते कमी वाटत नाहीत.

दुसरीही एक समजूत बाजूला ठेवू. तबकडीवर ऐकलेला प्रत्येक दणदणीत गिटार-सूर मार्शलचा असतो, असे नाही. लेड झेपेलिनचा १९६९ चा पहिला अल्बम घ्या. त्यावर आपण एक छोटा सुप्रो अ‍ॅम्प वापरला होता, हे जिमी पेजनेच सांगितले आहे. डेफ लेपर्डचा १९८७ चा 'हिस्टेरिया' बहुतांशी रॉकमन नावाच्या, कंबरेच्या पट्ट्याला अडकवता येईल एवढ्या ट्रान्झिस्टर यंत्रावर वाजला. क्वीनचे उदाहरण याहून मजेदार. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या या बँडमध्ये बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. कचऱ्याच्या पेटाऱ्यात टाकून दिलेले एक सर्किट बोर्ड त्याने उचलले आणि त्याचा एक वॅटदेखील नसलेला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प बनवला. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने त्यावर गिटारचे थरावर थर चढवून व्हायोलिनचा ताफा वाजतोय असा भास निर्माण केला. माइकसमोर ठेवलेला लहान अ‍ॅम्प तबकडीवर केवढाही मोठा होऊ शकतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने हे ध्यानात ठेवले तर त्याचे बरेच पैसे वाचतील.

आता पर्यायांकडे वळू. पहिला पर्याय मार्शलनेच काढला होता. १९६५ मध्ये कंपनीने रोझ-मॉरिस या वितरकाशी पंधरा वर्षांचा करार केला. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या जुन्या विक्रेत्याला माल देता येईना. मग तेच अ‍ॅम्प थोडा वेश बदलून 'पार्क' या नावाने त्याच्याकडे जाऊ लागले. तो करार संपल्यावर १९८१ मध्ये मार्शलच्या अ‍ॅम्पवर जेसीएम ८०० हे नाव आले. त्यातल्या मास्टर व्हॉल्यूमच्या सर्किटची सुरुवात मात्र १९७५ चीच.

इतर ब्रिटिश भावंडांत ऑरेंज, लेनी आणि हायवॉट ही नावे ठळक. लेनी बर्मिंगहॅमची, ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीमुळे गाजलेली. ऑरेंजचा सूर जाड आणि जरा खरबरीत. हायवॉट या दोघांहून निराळा: लष्करी शिस्तीचे वायरिंग, भक्कम ट्रान्सफॉर्मर, आणि कितीही वाढवला तरी सहज न फाटणारा सूर. टाउनशेंड पुढे त्याच्याकडेच वळला आणि पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने त्यावर आपले पेडल सजवले. 'मार्शलसारखा' म्हणून हायवॉट घेणारा मात्र फसेल.

व्हॉक्सचा एसी ३० ही या सगळ्यांहून जुनी आणि वेगळी जात. केंट परगण्यातल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्ज यांच्या कारखान्यात डिक डेनी यांनी तो आखला, आणि द शॅडोज, बीटल्स व ब्रायन मे यांनी तो जगभर नेला. त्यात ईएल ८४ जातीचे चार छोटे पॉवर व्हॉल्व्ह असतात. हा व्हॉल्व्ह आपल्याला परका नाही. आजोबांच्या काळच्या कित्येक मोठ्या रेडिओंत शेवटचा व्हॉल्व्ह हाच असायचा, आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवलेला आहे. मार्शलमधले ईएल ३४ हे मोठे पॉवर व्हॉल्व्ह दणका देतात. ईएल ८४ झणझणीत आणि चमकदार वाजतात, आणि लवकर फाटतात. शिवाय व्हॉक्समध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सुराचा अंश उलटा मागे देऊन त्याला काबूत ठेवणारी जोडणी) नसल्याने बोटाचा दाब जरा बदलला तरी सूर बदलतो. ज्यांना सतत फाटलेला सूर नको, आघातागणिक उमटणारा किंचित करकरीतपणा हवा, त्यांना मार्शलपेक्षा हाच जवळचा वाटेल. पंधरा वॅटचा एसी १५ त्यासाठी पुरेसा आहे.

गेल्या वीस वर्षांतला सगळ्यांत उपयोगी बदल म्हणजे अ‍ॅम्प लहान झाले. २००६ मध्ये ऑरेंजने टायनी टेरर काढला: जेवणाच्या डब्याएवढा, पंधरा वॅटचा, अर्ध्यावर आणता येणारा. त्याच्या पाठोपाठ सगळ्या कंपन्या या रांगेत आल्या. मार्शलमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी ब्लॅकस्टार काढली, आणि खुद्द मार्शलने २०१९ मध्ये जुन्या शंभर वॅटी सर्किटची वीस वॅटची आवृत्ती आणली, जी पाच वॅटवरही चालते. हॉलमध्ये किंवा छोट्या पबमध्ये ड्रमबरोबर वाजवणाऱ्याला माझा पहिला सल्ला हाच: वीस वॅट पुष्कळ झाले. तेही जास्त वाटले तर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मधे अ‍ॅटेन्युएटर लावावा, म्हणजे ताकदीचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. फार खाली आणल्यास सूर मिटमिटीत होतो हे खरे. त्यात दोष कानाचाही आहे, कारण कमी आवाजात आपल्याला खर्ज आणि वरचे सूर कमीच ऐकू येतात.

बजेट आखडते असेल तर मी अ‍ॅम्पच्या नावावरून हात काढून घेईन आणि स्पीकरवर ठेवीन. आपण अ‍ॅम्प कधीच ऐकत नाही, ऐकतो तो स्पीकर. ५,००० हर्ट्झच्या वर गिटारचा स्पीकर झपाट्याने पडतो, म्हणूनच डिस्टॉर्शनची बोचरी किरकिर कानापर्यंत येत नाही. साध्या अ‍ॅम्पला बंद पेटीतला ग्रीनबॅक जोडला की तो निम्मा इंग्रज होतो. शिवाय ९७ ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर घेणे म्हणजे वॅट दुप्पट करण्यासारखेच.

याच वाटेवर पुढे पेडल लागतात. मार्शलनेच १९८८ मध्ये गव्हनर आणि १९९१ मध्ये ब्लूजब्रेकर हे पेडल काढले, आणि त्यांच्या सर्किटवर बेतलेली पेडल आज स्वस्तातल्या चिनी ब्रँडपासून वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असलेल्या अमेरिकी कारागिरांपर्यंत सगळे बनवतात. कॉलेजच्या फेस्टला किंवा भाड्याच्या रिहर्सल रूममध्ये कोणता अ‍ॅम्प समोर येईल याचा नेम नसतो. तिथे ओळखीचे पेडल आणि कुठलाही स्वच्छ वाजणारा अ‍ॅम्प ही जोडी कामाला येते. रोलंडचा जॅझ कोरस दिसला तर एकच काळजी घ्यावी: तो ट्रान्झिस्टरचा, काचेसारखा स्वच्छ, ट्रेबल निम्म्यावर आणल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नये.

आणि डिजिटल? पाच-दहा वर्षांपूर्वी इथे मी हात आखडता घेतला असता. १९९८ मध्ये लाइन ६ चा लाल, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा पॉड आला, तेव्हा त्याचा सूर बोटांना प्रतिसाद न देणारा, चित्रासारखा सपाट वाटायचा. आता अ‍ॅम्पमधून चाचणीचा ठरावीक सिग्नल पाठवून, आत गेलेला आणि बाहेर पडलेला सूर न्यूरल नेटवर्कला शिकवतात, आणि त्या विशिष्ट अ‍ॅम्पची, त्या विशिष्ट घुंड्यांच्या स्थितीतली प्रत तयार होते. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे असे सॉफ्टवेअर चक्क फुकट आहे. स्पीकर, पेटी आणि माइक यांचा ठसा 'आयआर' नावाच्या छोट्या फाइलमध्ये मिळतो. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि बरे हेडफोन एवढ्यावर रात्री एक वाजता १९६८ चा मार्शल वाजवता येतो, आणि डोळे मिटून ओळखण्याची पैज लावली तर भले भले हरतील. उणीव एकच: पँटच्या पायाला जाणवणारा वाऱ्याचा झोत आणि स्पीकरसमोर उभे राहून तारेत खेळवलेला फीडबॅक हेडफोनमध्ये मिळत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, मुख्यतः घरीच वाजवणाऱ्या माणसाने आज व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये पैसे गुंतवावेत असे मला वाटत नाही. बॉसचा कटाना किंवा तत्सम ट्रान्झिस्टर-डिजिटल अ‍ॅम्प, ज्याची ताकद अर्ध्या वॅटवर आणता येते, त्याचे काम भागवतो.

व्हॉल्व्हचा घ्यायचाच, तोही जुन्या बाजारातून, तर काही खबरदारी. ब्रिटनचा आणि आपला वीजदाब साधारण सारखाच, २३० व्होल्ट. त्यामुळे तिकडचा अ‍ॅम्प इथे बिनबोभाट चालतो. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेल्या १२० व्होल्टच्या अ‍ॅम्पला मात्र स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. तिसऱ्या पिनेचे अर्थिंग खरे आहे की नुसती पिन आहे, हे तपासून घ्यावे. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधीही चालू करू नये, आणि ओहमचा आकडा अ‍ॅम्प आणि स्पीकर यांचा जुळवावा. नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो सगळ्यांत महागडा भाग. झाकण स्वतः उघडू नये: आत चारशे-पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर दमट हवेने घुंड्या खरखरणार, त्याला इलाज काँटॅक्ट क्लीनरचा. नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या तीनच देशांतून येतात. २०२२ मध्ये रशियाकडून येणारा पुरवठा अडला तेव्हा जगभर दुकाने रिकामी पडली होती. पॉवर व्हॉल्व्हचा एक जादा जुळवलेला जोड घरात असू द्यावा.

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी अ‍ॅम्प पारखताना बहुतेक जण गेन पूर्ण वाढवून ओळखीची एखादी तान वाजवतात. त्यातून फारसे काही कळत नाही, कारण पूर्ण गेनवर सगळेच अ‍ॅम्प बरे वाटतात. गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवून अ‍ॅम्प कडक फाटेपर्यंत वाढवावा आणि मग अ‍ॅम्पला हात न लावता गिटारची घुंडी तीनवर आणावी. सूर स्वच्छ होऊन, धार न गमावता उभा राहिला, तर समोरचा खोका चिनी असो, डिजिटल असो की नाव पुसलेला असो, तो घ्यायला हरकत नाही. मलूल होऊन घोंगडीखाली गेला, तर वरचे नाव काहीही असले तरी किंमत विचारू नये.